आपण कोण व्हायचे, हे दुसऱ्याने ठरवायचे नाही



"तुला काय व्हायचे आहे?" हा प्रश्न आज आमच्या वस्त्यांत रोज विचारला जातो. तलाठी, पोलीस, इंजिनिअर, कलेक्टर ही उत्तरेही ठरलेली. आमच्या पणजोबांना मात्र हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, कारण त्यांचे उत्तर जातीने जन्माआधीच लिहून ठेवले होते. मग तो प्रश्न आमच्या वाट्याला आला कसा? याचे उत्तर शोधताना आमच्या वर्धा जिल्ह्याचा इतिहास उलगडावा लागतो.

१९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले. त्या काळात हे धाडसच होते, ते आम्ही नाकारत नाही. पण दार उघडणारा मालक आणि आत येणारा उपकृत, हे नाते त्याने बदलले का? जो दार उघडतो, तो ते बंदही करू शकतो.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हे नातेच नाकारले. हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. गांधीजी तेव्हा वर्ध्यात होते. दोनच दिवसांत त्यांची प्रतिक्रिया आली: धर्म काही घर किंवा अंगरखा नव्हे, वाटेल तेव्हा बदलायला. आम्ही विचारतो, ज्या घराच्या ओसरीवरही आम्हाला पाऊल ठेवू दिले नाही, ते घर आमचे कधी होते?

३० एप्रिल १९३६ ला गांधीजी सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, बाबासाहेब तिथे जाऊन त्यांना भेटले. विरोधकाच्या दारी जाऊन बोलायला ते कचरले नाहीत, पण आपला निर्णय त्याच्या दारी गहाण ठेवला नाही. पुढे महिनाभरातच, ३१ मे रोजी, मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची कारणे समाजापुढे एकेक करून मांडली. भाषणाचा शेवट त्यांनी केला तो बुद्धाने आनंदाला केलेल्या उपदेशाने: स्वतःच स्वतःचा दिवा व्हा. तेव्हा नागपूरची दीक्षा अजून वीस वर्षे दूर होती.

नावाचेही तेच. 'हरिजन' हे नाव आम्ही मागितले नव्हते. २२ जानेवारी १९३८ रोजी मुंबई विधानसभेत ते नाव कायद्यात घालण्याला भाऊराव गायकवाड यांनी विरोध केला. सरकार ऐकेना, तेव्हा बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष सभात्याग करून बाहेर पडला. नाव गोड आहे की कडू, हा मुद्दाच नव्हता. ते ठेवण्याचा अधिकार कुणाचा, हा मुद्दा होता.

शेवटी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात, वर्ध्यापासून पाऊणशे किलोमीटरवर, लाखो लोकांनी आपण कोण हे स्वतःच्या तोंडाने सांगितले. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध होते अवघे अडीच हजार. १९६१ मध्ये ते झाले जवळपास २८ लाख! हा आकडा कुण्या सरकारने दिला नाही. घरोघरी गणनेला आलेल्या माणसासमोर आमच्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या आयाबायांनी तो उभा केला.

आणि हे फुकट झाले नाही. बौद्ध म्हणवून घेतले म्हणून केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलतींना मुकावे लागले. त्या १९९० साली मिळाल्या. तब्बल ३४ वर्षे! ज्यांना दोन वेळची भाकर अवघड होती, त्यांनी ही किंमत मोजली.

म्हणून तरुण मित्र-मैत्रिणींनो, तलाठी व्हा, कलेक्टर व्हा, जरूर व्हा. पण पद मिळाल्यावर साहेबांच्या खोलीत आडनाव लपवणार असाल, कार्यालयातल्या पूजेला नको असताना हात जोडणार असाल आणि वस्तीतल्या पोराचा फोन टाळणार असाल, तर तुम्ही कोण झालात? पद परीक्षेने मिळते. माणूस कोण व्हायचे, हे मात्र स्वतः ठरवावे लागते आणि त्याची किंमतही स्वतःच मोजावी लागते. आमच्या आज्यांनी ती मोजली आहे. आता पाळी आपली आहे.

जयभीम!