सेसियाकाठची पिसांची माशी

मोन्ते रोझाच्या हिमनद्यांतून निघालेली सेसिया नदी इटलीच्या पिएमोन्ते प्रांतात उतरते. तिच्या खोऱ्यातली पारंपरिक ट्राउट मासेमारी रिळाविना चालते: लांब काठी, घोड्याच्या शेपटीचे केस पिळून केलेली निमुळती दोरी आणि तिच्यावर ओळीने तीन-चार कृत्रिम माश्या.

माशी तरी किती साधी! गळाच्या दांडीवर रेशमी दोरा गुंडाळायचा, डोक्यापाशी मऊ पिसाचे वेढे द्यायचे, गाठ मारायची. शेपूट नाही, पंख नाहीत. जुने कारागीर गळ बोटांच्या चिमटीतच धरत. खरी करामत पिसाची. प्रवाहात त्याचे तंतू थरथरतात आणि ट्राउटला तो जिवंत किडा वाटतो.

ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सन २००च्या सुमारास रोमन लेखक एलियनने मॅसेडोनियातल्या मासेमारांच्या माशीचे वर्णन केले: गळाभोवती लाल लोकर आणि कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे.