‘सलग’ क्रमांकाविषयी तळटीप
* लेखकाने आयडेंटिटी स्तंभाला ‘सलग वाढणारा क्रमांक’ म्हटले आहे. त्यातला ‘सलग’ शब्द धरून चालू नये. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये हा आकडा सीक्वेन्स पुरवतो, आणि ट्रान्झॅक्शन रद्द झाले तरी एकदा दिलेला आकडा परत घेतला जात नाही. ही ढिलाई नव्हे: परत घ्यायचा, तर एकाची नोंद पक्की होईपर्यंत बाकी सगळ्यांना रांगेत उभे करावे लागेल. कोणी म्हणेल, जीएसटीच्या बिलांना सलग अनुक्रमांक लागतोच. लागतो, पण त्यासाठी लॉक लावून वाढवायचा वेगळा काउंटर ठेवावा आणि तेवढ्यापुरती रांग सोसावी. रिकाम्या जागा भरायला सीक्वेन्स मागे फिरवणे मात्र घातकच, कारण तो आकडा ग्राहक क्रमांक असेल, तर पुसलेल्या ग्राहकाची जुनी कागदपत्रे मग नव्या ग्राहकाच्या नावावर दिसू शकतात. – संपादक