शेवटपर्यंत सांभाळण्याचा करार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या उपनगरांतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. गिरगाव-दादरच्या चाळीतून निघून पन्नास वर्षांपूर्वी घेतलेला ब्लॉक, लिफ्ट नसलेला तिसरा मजला, मुले बंगळुरूला किंवा परदेशात. मग हा ब्लॉक विकून नेरळ किंवा पुण्याकडच्या एखाद्या ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला जावे का? तिथे आज चालते-फिरते असताना स्वतंत्र घर मिळते, उद्या आंघोळीला हात लागला तर मदतनीस मिळतो आणि परवा अंथरुणाला खिळलो तर त्याच आवारात शुश्रूषा होते, असे सांगितले जाते. ही कल्पना अनेकांना अगदी नवी वाटते. ती नवी नाही. तिला मोठा इतिहास आहे आणि निवड करणाऱ्याने तो ऐकून ठेवावा, असे मला वाटते.

आधी आपल्या घरापासून सुरुवात करू. मुंबईत भाकड जनावरांसाठी पांजरापोळ १८३४ मध्ये निघाला. निराधार म्हाताऱ्या माणसांची सोय त्यानंतर झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बेलासिस रोडवर सर जमशेटजी जिजीभाईंच्या नावाची धर्मशाळा उभी राहिली आणि १८६०च्या दशकात पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अनाथ-पंगुगृह सुरू झाले. तेच आजचे 'निवारा'. या दोन्ही संस्था निराश्रितांसाठी होत्या. ज्याच्या पाठीशी पैसा किंवा गोतावळा होता, त्याला तिथे जाण्याचे कारण नव्हते. 'वृद्धाश्रम' या शब्दाला आपल्याकडे जो एक ओशाळलेपणा चिकटला, त्याचे मूळ इथे आहे. १९७०च्या दशकात 'नटसम्राट' आणि 'संध्याछाया' या नाटकांनी म्हातारपणाचे दोन मार्ग रंगभूमीवर दाखवले. एक मुलांच्या घरी राहण्याचा आणि दुसरा मुलांची वाट पाहत एकटे राहण्याचा. तिसरा मार्ग मध्यमवर्गाच्या मनात तेव्हा यायचा होता.

सरकारनेही निराधारांचाच विचार आधी केला. महाराष्ट्रात १९६३ मध्ये वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना आली. १९९५ मध्ये 'मातोश्री' वृद्धाश्रमांची योजना आली आणि तिच्यात ज्यांना परवडते त्यांच्याकडून शुल्क घेण्याची सोय झाली. त्यामुळे पैसे देऊन वृद्धाश्रमात राहणारा माणूस सरकारी योजनेतही दिसू लागला. पण आपल्याकडच्या बऱ्याच वृद्धाश्रमांची एक अट मात्र कायम राहिली. अर्जदाराने स्वतःची कामे स्वतः करता येण्याच्या स्थितीत असले पाहिजे. म्हणजे ज्या दिवशी खरी गरज उभी राहते, त्या दिवशी नातेवाइकांना 'घेऊन जा' असा निरोप जातो. आपला आजचा प्रश्न या एका अटीतून निर्माण झाला आहे.

ही अट न मानणारे एक घर आपल्या उपनगरातच आहे. अंधेरी पूर्वेला महाकाली गुंफांच्या रस्त्यावर 'लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर' या जोगिणींचे वृद्धगृह आहे. या पंथाची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. १८३९च्या हिवाळ्यात जान जुगां नावाच्या एका कष्टकरी बाईने आंधळ्या, अर्धांगवायू झालेल्या एका विधवेला घरी आणले आणि आपला बिछाना तिला दिला. म्हणजे या कामाचा आरंभच अंथरुणाला खिळलेल्या माणसापासून झाला. १८८२ मध्ये या जोगिणी कोलकात्याला आल्या. गरीब वृद्धाला शेवटच्या श्वासापर्यंत सांभाळायचे आणि त्यासाठी कायमचा निधी न साठवता रोज मागून आणायचे, हे त्यांचे व्रत. जान जुगां यांना २००९ मध्ये संतपद मिळाले. आज जाहिरातीत 'शेवटपर्यंत काळजी' म्हणतात ती हीच. फरक एवढाच, की इथे ती व्रत म्हणून दिली जाते आणि तिथे कराराने विकली जाते.

कराराने विकण्याची गोष्टही जुनी आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ख्रिस्ती मठ 'कॉरोडी' नावाचा हक्क विकत असत. एकरकमी पैसे किंवा जमीन मठाला द्यायची. मोबदल्यात मरेपर्यंत खोली, ठरलेले पाव, बिअर आणि जळण मिळायचे. मठाला आज रोकड मिळत होती आणि खर्च पुढे कधीतरी येणार होता. साहजिकच अडचणीतले मठ कॉरोड्या विकत सुटले. माणसे अपेक्षेपेक्षा जास्त जगली की मठ कर्जात जात. तपासणीला येणारे बिशप परवानगीशिवाय विक्री करू नका, असे पुन्हा पुन्हा बजावत. त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

अमेरिकेत विसाव्या शतकात याचीच पुनरावृत्ती झाली. मेथडिस्ट चर्चशी संबंधित 'पॅसिफिक होम्स' ही संस्था कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि हवाई इथे वृद्धांच्या वसाहती चालवत होती. आयुष्यभराच्या काळजीचे पैसे आधी घेतलेले होते. महागाई वाढली आणि रहिवाशांचे आयुर्मानही वाढले. नव्या लोकांच्या ठेवीतून जुन्यांचा खर्च भागू लागला. १९७७ मध्ये संस्था दिवाळखोरीत गेली. घरदार विकून आलेल्या वृद्धांना जादा पैसे मागण्यात आले. ते कोर्टात गेले आणि अखेर चर्चला तडजोड करावी लागली. आज तिकडे करारांचे ठळक तीन प्रकार मानतात. पहिल्यात आधी जास्त पैसे भरून पुढची शुश्रूषा जवळजवळ त्याच दरात मिळते. दुसऱ्यात शुश्रूषेचे काही दिवस दरात धरलेले असतात. तिसऱ्यात जेवढी सेवा घ्याल तेवढे पैसे मोजायचे.

आपल्याकडे १९९५ मध्ये मुंबईत डिग्निटी फाउंडेशन स्थापन झाले आणि पुढे त्यांनी नेरळला माथेरानच्या पायथ्याशी ज्येष्ठांची वसाहत उभारली. तिथे स्मृतिभ्रंश झालेल्यांची देखभालही होते. पुण्यात परांजपे बिल्डर्सच्या 'अथश्री' वसाहती झाल्या. तिथे घर मालकीचे असते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये निवृत्तांच्या वसाहतींसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२४ मध्ये महारेराने अशा इमारतींसाठी नियम केले. व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, रुंद दारे, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे हे त्यांत आहे. हे नियम बांधकामाचे आहेत. रात्री दोन वाजता बेल वाजवल्यावर कोण येईल, हे तुमच्या करारावरच ठरते.

म्हणून कट्ट्यावर कोणी विचारले, तर मी बागेबद्दल आणि देवळाबद्दल शेवटी बोलतो. आधी विचारतो ते असे. स्वतंत्र घरातून शुश्रूषेच्या खोलीत हलवण्याचा निर्णय कोण घेणार? ती खोली नक्की मिळणार की 'उपलब्ध असल्यास' मिळणार? नवरा-बायकोपैकी एकाला हलवले तर दुसऱ्याचा मासिक आकार काय? तो दरवर्षी कोणत्या हिशेबाने वाढतो? अनामत कुठे ठेवली आहे आणि आपण सोडून गेलो किंवा वारलो, तर किती दिवसांत कोणाला परत मिळते? इमारत बिल्डरची आणि सेवा दुसऱ्याच कंपनीची असेल, तर ती कंपनी निघून गेल्यावर जबाबदार कोण? आणि शक्य असेल तर राहता ब्लॉक लगेच विकू नये. तो अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर द्यावा, तेवढा काळ तिकडे भाड्याने राहावे. मुख्य म्हणजे तिथल्या शुश्रूषा विभागात न सांगता जाऊन तासभर बसावे.

मठ असो, चर्च असो की बिल्डर असो, शेवटपर्यंत सांभाळण्याचे वचन देणे सोपे असते, कारण ते पाळायची वेळ दूर असते. निवड करताना ती वेळ आजच आली आहे असे समजून चालावे. सत्तरीत, हातपाय चालत असताना आणि स्वतःची सही स्वतः करता येत असताना हे प्रश्न विचारायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.