पेट्रोलच्या वासाचा माग

कार्ब्युरेटरच्या गाडीला पेट्रोलचा वास येणे हा दोष आहे, असे बराच काळ कोणी मानतच नव्हते. वास गाडीच्या रचनेतच होता. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकीत इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात वाफ मिसळली जाई. १८९३ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यांनी फ्लोट आणि जेट असलेला फवाऱ्याचा कार्ब्युरेटर बनवला. फ्लोटच्या कक्षातल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब राहावा लागतो, म्हणून त्या कक्षाला उघडे भोक ठेवण्याची रीत पडली. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. तापलेले इंजिन बंद केले, की वारा थांबतो, कार्ब्युरेटर आणखी तापतो आणि वाफ त्या भोकातून बाहेर पडते. मिस्त्रीची पारख लागे ती या नेहमीच्या वासातून बिघाडाचा वास वेगळा काढायला.

मुंबईत ही पारख फियाटवर घडली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट ११०० पुढे, १९७४ पासून, प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. १०८९ सीसीचे तिचे साधे इंजिन शहराच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत वर्षानुवर्षे धावले. वास केव्हा येतो, हा मिस्त्रीचा पहिला प्रश्न. रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीला सकाळी वास आला, तर टाकी, तिच्या तोंडाचा रबरी पाइप आणि मागून पुढे येणारी नळी तपासायची. सांडलेले पेट्रोल उडून जाते, पण त्याचा रंग आणि चिकटा मागे राहतो. जोडावरचा तो डाग ओल्या थेंबापेक्षा जास्त भरवशाचा. इंजिन चालू असतानाच वास वाढला, तर संशय पेट्रोल ओढणाऱ्या ‘एसी’ पंपावर. हा पंप इंजिनच्याच गतीवर चालतो. त्याचा पडदा फाटला, की पेट्रोल कधी बाहेर गळते, तर कधी थेट ऑइलमध्ये उतरते. म्हणून ऑइलची पट्टी काढून हुंगायची. पातळी वाढलेली आणि वास पेट्रोलचा असेल, तर गाडी तशीच चालवणे म्हणजे बेअरिंग घालवणे.

सर्वांत जास्त वेळ खाई तो ‘ओव्हरफ्लो’. फ्लोट वर आला, की निडल पेट्रोल अडवते. तिच्या बैठकीत कचरा अडकला, की पेट्रोल वाहतच राहते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कक्षावर दोन टिचक्या मारल्या, की कधी तेवढ्यावर भागे. नाही भागले, तर पितळी फ्लोट काढून कानाशी हलवायचा. आत पेट्रोल खळखळले, तर भोक नक्की. गरम पाण्यात बुडवल्यावर जिथून बुडबुडे येतील तिथे ते सापडते. आतले पेट्रोल पूर्ण काढल्याशिवाय भोक बुजवायला डाग देणे धोक्याचे, आणि डागही बेताचा हवा: जास्त शिसे-कथील चढले, की फ्लोट जड होतो, पातळी पुन्हा वर जाते आणि दुरुस्तीतूनच नवा ओव्हरफ्लो सुरू होतो.

वासाकडे पाहण्याची नजर बदलली ती कॅलिफोर्नियात. रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले, की लॉस एंजलिसचे धुरके पेट्रोलच्या वाफा आणि नायट्रोजन ऑक्साइड यांवर ऊन पडून तयार होते. तिथे १९७० च्या आणि अमेरिकाभर १९७१ च्या मॉडेलपासून टाकी व कार्ब्युरेटरची वाफ धरून ठेवणे सक्तीचे झाले. भारतात असे नियम १९९० च्या दशकात आले आणि त्यामागोमाग इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांनी कार्ब्युरेटर मागे टाकला. बंद यंत्रणेच्या गाडीत जरासा वासही बिघाडच ठरतो.

मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. हौसेने राखलेल्या खासगी फियाटना मात्र वासाचे नवे निमित्त मिळाले आहे: पेट्रोलमधले इथेनॉल. २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत ५ टक्क्यांपासून सुरू झालेले मिश्रण आता २० टक्क्यांवर गेले आहे. त्याने जुन्या रबराच्या नळ्या फुगतात, मऊ पडतात आणि पंपाचा पडदाही लवकर जातो. अशा गाडीत वासाचा शोध आता इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या आणि पडदा बसवण्यापासूनच सुरू करावा लागतो.