अक्षरावाचून पत्ता

वस्तू आणि तिचे नाव यांचा संबंध किती घट्ट असतो, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी फार पूर्वीपासून चर्चिला आहे. आमचा विषय त्या मानाने लहान आहे. संगणकाच्या तबकडीवरील ज्या विभागाला अक्षर दिलेले नाही, त्या विभागापर्यंत आज्ञावलीच्या साहाय्याने कसे पोचतात, आणि तेथवर येण्यास माणसाला कोणत्या वाटा चालाव्या लागल्या, एवढेच येथे पाहावयाचे आहे. विषय यंत्राचा खरा. पण त्याचे मर्म उमगण्यास जुन्नर-आंबेगावचा परिसर फार उपयोगी पडतो. नाव एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे, असे प्रकार या दोन तालुक्यांनी पुष्कळ पाहिले आहेत.

नाणेघाटाचेच पाहा. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वर तिचे नाव ब्राह्मी लिपीत लिहिले होते. सिमुक सातवाहन, देवी नायनिका, राजा सातकर्णी ही त्यांपैकी नावे. आज प्रतिमा नाहीत. पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. नावे मात्र दोन हजार वर्षे भिंतीवर टिकली. आंबेगावची गोष्ट अलीकडची आहे. घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले आणि जुने आंबेगाव त्याच्या जलाशयात गेले. तालुक्याचे नाव आंबेगावच राहिले, कचेरी घोडेगावास आहे. कागदावर आंबेगाव शोधणारा मनुष्य तालुक्यास पोचेल. ज्या गावाने तालुक्यास नाव दिले त्या जुन्या गावठाणात त्याला पाऊल ठेवता येणार नाही.

लेण्याद्रीवर याच्या उलट प्रकार दिसतो. तेथील लेण्यांना क्रमांक आहेत, आणि ते अर्वाचीन काळात अभ्यासकांनी आपल्या सोयीसाठी घातलेले आहेत. क्रमांक ७ चे लेणे म्हणजे भाविकांचा गिरिजात्मज. अष्टविनायकाच्या यात्रेस आलेल्या माउलीला ७ हा आकडा सांगून उपयोग नाही, आणि पुरातत्त्वाच्या नकाशावर गिरिजात्मज एवढेच लिहून भागत नाही. लेणे एकच, त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा दोन. शेजारचे क्रमांक ६ चे लेणे चैत्यगृह आहे. त्यातील शिलालेख सांगतो की हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान आहे. उद्या कोणी सर्व क्रमांक बदलले तरी हा लेख आपल्या जागी राहील. बाहेरून दिलेला क्रमांक आणि आत कोरलेली ओळख, हा भेद ध्यानात ठेवला की पुढचा सारा विषय सोपा होतो.

आता यंत्राकडे वळू. १९६० नंतरच्या दशकात आय. बी. एम. कंपनीच्या केंब्रिज येथील संशोधनकेंद्रात, एकाच मोठ्या संगणकावर अनेकांनी एका वेळी काम करावे म्हणून एक व्यवस्था रचण्यात आली. तीत प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या तबकडीच्या तुकड्यांना एकेक अक्षर देण्याची पद्धत पडली. पुढे गॅरी किल्डॉल यांनी १९७४ च्या सुमारास लहान संगणकांसाठी सीपी/एम नावाची व्यवस्था तयार केली, तीत हीच अक्षरे आली. १९८१ साली आय. बी. एम. चा वैयक्तिक संगणक बाजारात आला, तेव्हा त्याच्या डॉस व्यवस्थेनेही तोच कित्ता गिरवला. त्या यंत्रात लवचिक तबकडीसाठी फार तर दोन खाचा असत. त्यांना ‘ए’ आणि ‘बी’ म्हणत. १९८३ च्या यंत्रात १० मेगाबाइटची पक्की तबकडी बसवून मिळू लागली, तिला ‘सी’ हे अक्षर मिळाले. लवचिक तबकड्या कधीच्या गेल्या. तरी आजही नव्या संगणकाची मुख्य तबकडी ‘सी’च म्हणविते. घर पडले, पण दाराची पाटी राहिली, असाच हा प्रकार.

दुसऱ्या एका पंथाने अक्षरांचा मार्ग धरलाच नाही. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ज्या युनिक्स व्यवस्थेचा पाया घातला, तिच्यात सारी साठवण एकाच वृक्षाप्रमाणे असते. नवी तबकडी जोडली की ती त्या वृक्षाच्या एखाद्या फांदीवर कलमासारखी बसवायची. तेथे अक्षरांची टंचाई पडण्याचे कारणच नव्हते.

डॉसच्या वंशातील विंडोज व्यवस्थेला मात्र ही टंचाई जाणवू लागली. इंग्रजी वर्णमालेत २६ अक्षरे. त्यांतील दोन रूढीने लवचिक तबकड्यांची. एकेका यंत्राला अनेक तबकड्या आणि एकेका तबकडीचे अनेक विभाग होऊ लागल्यावर २४ अक्षरे कुठवर पुरणार? शिवाय अक्षर स्थिर नसते. आज जोडलेली तबकडी ‘ई’ ठरते, उद्या तिच्या आधी दुसरी जोडली तर तीच ‘एफ’ होऊ शकते. यावर २००० साली आलेल्या विंडोज २००० मध्ये उपाय निघाला. विभागाला तेथे व्हॉल्यूम म्हणतात. आपण खंड म्हणू. प्रत्येक खंडाला १२८ बिटांचे एक लांबलचक नाव देण्यात येऊ लागले. सोळा चिन्हांच्या अंकपद्धतीत ते ८, ४, ४, ४ आणि १२ अशा गटांत, एकूण ३२ चिन्हांत लिहितात. अशी नावे किती होऊ शकतात? ३४ वर ३७ शून्ये मांडावीत, सुमारे तेवढी. दोन खंडांचे नाव चुकून सारखे निघण्याची भीती व्यवहारात उरत नाही.

संगणकात या सर्वांची एक नोंदवही असते. खंडाची स्वतःची खूण, म्हणजे जुन्या पद्धतीच्या तबकडीवर लिहिलेली सही आणि खंड जेथून सुरू होतो ते स्थान, किंवा नव्या पद्धतीत विभागाचाच स्वतंत्र ओळखक्रमांक, त्या वहीत लिहिलेली असते. तिच्यासमोर लांब नाव आणि, असल्यास, अक्षर. आपल्याकडे जमिनींचे एकत्रीकरण झाले तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले; जमीन जागची हलली नाही, उताऱ्यावरचा आकडा तेवढा बदलला. येथेही अक्षर पुसले म्हणजे खंड नाहीसा होत नाही. नेहमीच्या खिडकीतून तो दिसेनासा होतो, इतकेच. विंडोज ७ बसविताना यंत्र स्वतःच १०० मेगाबाइटचा एक खंड अक्षरावाचून राखून ठेवी, तो याच कारणाने सामान्य माणसाच्या दृष्टीस पडत नसे.

मग आज्ञावलीने अशा खंडापर्यंत कसे जावे? अननुभवी मनुष्य ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत एकेक दार ठोठावतो. ज्याला दारच नाही तो त्याला कधीच सापडत नाही. योग्य रीत अशी की व्यवस्थेलाच विचारावे. ‘फाइंड फर्स्ट व्हॉल्यूम’ ही आज्ञा दिली की पहिल्या खंडाचे लांब नाव हाती येते. ‘फाइंड नेक्स्ट व्हॉल्यूम’ पुन्हा पुन्हा दिली की यादी संपेपर्यंत बाकीची येतात. एकेका नावाविषयी विचारले की त्या खंडाकडे जाणारी अक्षरे आणि कपाटे यांची यादी मिळते. ती रिकामी आली तर खंडाला अक्षर नाही हे कळते; तरीही लांब नावाच्या आधारे त्यातील फायली उघडता येतात. येथे एक बारकावा आहे. नावाच्या शेवटी तिरकी रेघ असेल तर आपण खंडातील मूळ कपाट मागत असतो. ती काढली तर सबंध खंडच उघडा मागत असतो, आणि त्यासाठी व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. घरात पाहुणा म्हणून जाणे आणि घराचा पाया उकरणे यांत जेवढे अंतर, तेवढे अंतर या एका रेघेत आहे. चौथी वाट अशी की अशा खंडाला एखाद्या रिकाम्या कपाटात बसवून द्यावे; मग युनिक्सच्या कलमासारखा तोही वृक्षाचा भाग होतो.

यादीवरच विसंबावे, अटकळीवर नव्हे, याचा धडा आपल्या खोडदला मिळतो. जुन्नर तालुक्यातील या गावी प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. १४ मध्यभागी, बाकीच्या १६ तीन भुजांवर. मधल्या अँटेनांची नावे सी-०० पासून सी-१४ पर्यंत जातात. सरळ मोजणारा म्हणेल, पंधरा झाल्या. पण सी-०७ नावाची अँटेना नाहीच. नावांच्या ओळीवरून वस्तूंची संख्या ठरविणारी आज्ञावली तेथे पहिल्याच दिवशी फसेल.

हा केवळ पंडितांचा ऊहापोह नव्हे. एखाद्या पतसंस्थेचा हिशेब रोज रात्री ‘ई’ या अक्षरावर उतरवून ठेवण्याची सोय केलेली आहे असे समजा. एके दिवशी कोणी दुसरी तबकडी जोडतो, अक्षर सरकते, आणि हिशेब भलतीकडे उतरू लागतो. गरज पडेल त्या दिवशी ठेवीदारांच्या हाती महिनामहिन्यांचा जुना आकडा येईल. किंवा असे समजा की अक्षर नसलेला खंड पाहून कोणी म्हणाला, ही जागा मोकळीच दिसते, पुसून वापरात आणा. आत कोणाचा शब्द, कोणाचा उतारा, कोणाच्या आईचे छायाचित्र होते, हे पुसल्यावर कळून काय उपयोग? म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्याने खंडाची ओळख त्याच्या आतल्या खुणेवरून पटवावी, आणि ती पटल्याखेरीज एक अक्षरही लिहू नये.

ज्याला आपल्या यादीत नाव नाही ते अस्तित्वातच नाही, ही समजूत यंत्रापेक्षा माणसांत जुनी आहे. डिंभ्याच्या पाण्याखाली जमिनी गेलेल्यांच्या बाबतीतही प्रश्न शेवटी हाच असतो: कागदावर गाव नसले तरी गावचा मनुष्य आहे, आणि त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट ठेवणे हे कागद राखणाऱ्याचे काम आहे. संगणकाने ही गोष्ट १२८ बिटांत साधली. सुलसदत्ताने ती एका ओळीत साधली होती. त्याचे चैत्यगृह कोणत्या क्रमांकाचे, हे ठाऊक नसलेल्यालाही तो लेख आजसुद्धा दात्याचे नाव, त्याच्या पित्याचे नाव आणि गाव सांगतो.