रॉकेल, शिंपले आणि द्रवाचे प्रसरण

द्रव तापला की प्रसरण पावतो, हे आपण वर्गात शिकवतो. उदाहरण बहुधा तापमापीतल्या पाऱ्याचे देतो. पण याच गुणधर्माशी शेल या बहुराष्ट्रीय तेल कंपनीचा इतिहासही जोडलेला आहे.

१८९० च्या सुमारास आशियात दिव्यांसाठी रॉकेल येई ते पत्र्याच्या डब्यांतून. या बाजारावर अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइलची पकड होती. डबे आणि त्यांची लाकडी खोकी जहाजात बरीच जागा अडवीत. लंडनचे व्यापारी मार्कस सॅम्युअल यांनी ठरवले, की रशियाचे रॉकेल थेट जहाजाच्या टाक्यांत भरायचे आणि सुएझ कालव्यातून पूर्वेला न्यायचे.

यात धोका होता. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, की रॉकेलचे आकारमान सुमारे एक हजारांशाने वाढते. आकडा लहान वाटतो ना? मग हिशेब करून पाहू. ४,००० टन रॉकेल म्हणजे सुमारे ५,००० घनमीटर. काळ्या समुद्रातून उष्ण प्रदेशात जाताना ते २० अंशांनी तापले, तर १०० घनमीटरने, म्हणजे एक लाख लिटरने वाढेल! काठोकाठ भरलेली टाकी फुटेल. टाकी बरीच रिकामी ठेवली, तर तेल हिंदकळून जहाजाचा तोल जाईल. म्हणून अशा जहाजांत मुख्य टाकीवर बाटलीच्या गळ्यासारखा अरुंद भाग ठेवत. तेलाची पातळी त्या गळ्यातच वरखाली होई.

ऑगस्ट १८९२ मध्ये सॅम्युअल यांचे ‘म्युरेक्स’ जहाज रॉकेल घेऊन सुएझ पार करून गेले. म्युरेक्स ही एक समुद्री गोगलगाय. सॅम्युअल यांचे वडील शंखशिंपल्यांचा व्यापार करीत. १८९७ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे ‘शेल’ हे नावही त्यातूनच आले. १९०७ मध्ये ती रॉयल डच या कंपनीशी जोडली गेली.

गंमत म्हणजे, गिऱ्हाइकांना रॉकेलइतकाच डबाही हवा होता! रिकाम्या डब्याच्या पत्र्यातून छपरापासून बादलीपर्यंत सारे काही होई. शेवटी सॅम्युअल यांना पूर्वेतच डबे बनवून घ्यावे लागले. बाजाराचा हा धडा मात्र कोणत्याही सूत्रात नव्हता.

आपल्याकडे १९२८ मध्ये बर्मा-शेल आली, १९५५ मध्ये मुंबईत माहूलला तिचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. १९७६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. तीच आजची भारत पेट्रोलियम.

रस्त्यावरचा पेट्रोलचा टँकरही काठोकाठ भरत नाहीत. का, ते उद्या वर्गात विचारून पाहू या.