बाल्डर्स गेट आणि बाल्डर्स गेट २

कॅनडातील बायोवेअर कंपनीचे संगणकीय भूमिकाखेळ. पहिला १९९८ मध्ये आला. ‘शॅडोज ऑफ ॲम्न’ हा दुसरा २००० मध्ये. दोन्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमांवर बेतलेले आहेत. खेळाडू सहा जणांपर्यंतची टोळी चालवतो आणि ऐन लढाईत खेळ थांबवून प्रत्येकाला हुकूम देऊ शकतो.

पहिल्या खेळाचा नायक पालकपित्याच्या हत्येनंतर उघड्यावर पडलेला, अगदी कच्चा तरुण आहे. सुरुवातीला जंगलातला एखादा लांडगाही त्याचा जीव घेतो. फ्रेंडली आर्म या सरायीच्या पायऱ्यांवर दबा धरलेला मारेकरी जादूगार तर नवख्यांची टोळी बघता बघता गारद करतो. माळराने, जंगले पायाखाली घालत हळूहळू मोठे होण्याचा हा आनंद दुसऱ्या भागात उरलेला नाही.

दुसऱ्याचे बळ माणसांत आहे. खलनायक आयरेनिकसच्या तळघरातील पिंजऱ्यात खेळ सुरू होतो. पहिल्या भागातला सोबती खलिद तिथे मृतावस्थेत सापडतो आणि त्याची पत्नी जहीरा पुढे सारा खेळभर ते दुःख वागवते. सोबती आपसांत भांडतात, प्रेमात पडतात. ॲथकाटला शहरात नायकाची बालमैत्रीण इमोएन हिच्या शोधासाठी वीस हजार सुवर्णमुद्रा जमवताना एकेक उपकथा स्वतंत्र कादंबरीसारखी उलगडते. डेव्हिड वॉर्नर यांच्या आवाजातला आयरेनिकस पहिल्या भागातील सारेवॉकपेक्षा कितीतरी सखोल खलनायक आहे.

दुसरा भाग सरस असला, तरी पहिला आधी खेळावा; खलिदला ओळखणाऱ्यालाच जहीराचा शोक कळतो.